लेझर, ढापणं आणि 481 मायक्रॉन

अपेंडिक्सच्या ऑपरेशनवर दिवाळी ऑफर बघितली आहे का कधी? किंवा हर्नियावर 'मित्राला घेऊन या, दोघांना सवलत'? नाही ना. चष्मा घालवायच्या लेझरवर मात्र हे सगळं मिळतं. रिक्षाच्या पाठीवर, एफएमवर, मल्टिप्लेक्समध्ये राष्ट्रगीताच्या आधी.. कुठेही बघा, एक हसरी मुलगी चष्मा काढून फेकून देत असते.

याला एक साधं कारण आहे. तुमचा नंबर 7.5 डायॉप्टरच्या आत असेल तर आपल्याकडचा आरोग्य विमा या ऑपरेशनचे पैसे देत नाही. म्हणजे बहुतेक लोक स्वतःच्या खिशातून, रोख, आणि स्वखुशीने पैसे देतात. शिवाय गिऱ्हाईक आजारी नसतं. धडधाकट डोळा घेऊन येतं, दोन हजाराचा चष्मा लावला तर त्याचं सगळं व्यवस्थित चाललेलं असतं. असं गिऱ्हाईक आणायचं तर जाहिरात करावीच लागणार. त्यात वाईट काही नाही. फक्त फ्लॅट बघायला गेल्यावर आपण जेवढे सावध असतो तेवढं इथेही असायला हवं, आणि नेमके तिथेच लोक डॉक्टरचा पांढरा कोट बघून विरघळतात.

हे सगळं आज लिहायचं कारण म्हणजे आमच्या टीममधली दोन पोरं एकाच आठवड्यात येऊन विचारून गेली, "तू लेझरसाठी बरेच दवाखाने फिरला होतास ना? चांगला कुठला?" त्यांना कँटीनमध्ये उभ्या उभ्या सांगून होण्यासारखं उत्तर नव्हतं. म्हणून शनिवारी सकाळी चहा घेऊन बसलोय.

तर आमचा नंबर मायनस सहा. पाचवीत फळा दिसेना म्हणून चष्मा लागला, आणि तेव्हापासून ढापण्या, बॅटरी, चष्मिस ही सगळी बिरुदं यथासांग मिळवली. चष्म्याचं वाईट असं कधी वाटलं नाही. पण सह्याद्रीत पावसाळ्यात फिरणाऱ्या मायनस सहावाल्यालाच ठाऊक की राजगडाच्या चोरदिंडीत पावसाने काचा भरल्या की पुढची पायरी ही एक श्रद्धेची बाब होऊन बसते. मग 2020 साली मास्क आला आणि आख्खं वर्ष वाफेतून बघण्यात गेलं. लेन्स होत्याच, पण दिवसाचे दहा तास स्क्रीनसमोर घालवल्यावर संध्याकाळी डोळ्यात वाळू शिरल्यासारखं व्हायचं. शेवटी 2023 च्या जून महिन्यात, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, ठरवलं की काय ते एकदाचं करून टाकू.

आईचं म्हणणं, "अरे, दिसतंय ना सगळं? मग डोळ्यांशी कशाला खेळ?" बायकोचं म्हणणं, "कर, पण आधी तीन ठिकाणी विचार." मी दोघींचंही ऐकलं असं म्हणायला हरकत नाही :-)

आता जरा या यंत्राबद्दल, कारण ही गोष्ट मला फार आवडते. ज्या लेझरने हे काम होतं त्याला एक्सायमर लेझर म्हणतात, आणि त्याचा उतींवर वापर डोळ्यांच्या दवाखान्यात नाही तर आयबीएमच्या संशोधनशाळेत सापडला! न्यूयॉर्क राज्यातल्या यॉर्कटाऊन हाइट्सला रंगास्वामी श्रीनिवासन नावाचे मूळचे मद्रासचे रसायनशास्त्रज्ञ, सॅम्युएल ब्लम आणि जेम्स विन असे तिघे या लेझरशी खेळत होते. 1981 साली थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी श्रीनिवासन घरून उरलेली टर्की घेऊन प्रयोगशाळेत गेले आणि त्या हाडा-मांसावर लेझर मारला. बाजूचा भाग न जळता स्वच्छ चर पडली. 193 नॅनोमीटरचा हा अतिनील प्रकाश रेणूंचे बंध तोडतो आणि तेवढाच थर उडून जातो, शेजाऱ्याला चटका बसत नाही. मग स्टीफन ट्रोकेल या नेत्रतज्ज्ञाने 1983 मध्ये तो कॉर्नियावर वापरायचं मनावर घेतलं. रात्रीच्या उरलेल्या भाजीचं आपण फार तर थालीपीठ करतो, या लोकांनी जगाचे चष्मे उतरवले. असो.

मुद्दा असा, की लेझर हा भाग आता जवळजवळ सुटलेलं गणित आहे. यंत्र बहुतेक ठिकाणी चांगलंच असतं. दवाखान्या-दवाखान्यात फरक पडतो तो लेझर सुरू व्हायच्या आधी काय होतं आणि नंतर काय होतं यात. आमच्या धंद्यात म्हणतात तसं, कोड कोणीही लिहील, टेस्टिंग कोण करतंय ते सांगा. आणि इथे तर रोलबॅक नाही. कॉर्निया, म्हणजे बुबुळावरचा तो पारदर्शक घुमट, मध्यभागी साधारण अर्धा मिलिमीटर जाड असतो. लेझर त्यातलाच थोडा भाग उडवतो. उडवलेलं परत चिकटवता येत नाही.

पहिला दवाखाना चकचकीत. कॉफीचं मशीन, सोफे, मंद संगीत. टॅबलेट घेतलेली एक काउन्सेलर आली आणि डोळ्यांचा विषय निघायच्या आधी तीन पॅकेजं दाखवली. नावं थेट मोबाइलच्या प्लॅनसारखी. तपासणी वीस मिनिटांत आटपली. डॉक्टर चार मिनिटं भेटले. मी लेन्स घालून गेलो होतो, त्या तिथेच काढून लगेच यंत्रासमोर बसवलं. "सर, तुम्ही एकदम परफेक्ट कँडिडेट! या शनिवारी स्लॉट आहे." स्कॅनची प्रत मागितली, तर बुकिंग केल्यावर मिळेल म्हणे. हे ऐकल्यावर मी कॉफी संपवली आणि निघालो.

दुसरा दवाखाना खरोखर चांगला वाटला होता, आणि त्यातच सगळी गोम आहे. डॉक्टर स्वतः अर्धा तास बोलले. कागदावर आकृती काढून समजावलं. लॅसिकमध्ये कॉर्नियाचा वरचा साधारण 110 मायक्रॉनचा पापुद्रा उचलायचा, खालच्या भागावर लेझर मारायचा, पापुद्रा परत बसवायचा. किती थर उडवायचा त्याचं सूत्रही आहे: ज्या वर्तुळावर लेझर मारायचा त्याच्या मिलिमीटरमधल्या व्यासाचा वर्ग, भागिले तीन, गुणिले नंबर. साडेसहा मिलिमीटरचं वर्तुळ घेतलं तर दर नंबरामागे सुमारे 14 मायक्रॉन. मायनस सहाला 84-85. माझा डावा डोळा भरला 481 मायक्रॉन. 481 मधून 110 गेले, 85 गेले, उरले 286. खाली निदान 250 उरले पाहिजेत असा रूढ नियम आहे. "म्हणजे होईल," ते म्हणाले, "थोडं कडेला आहे, पण होईल." स्कॅनची प्रत न मागता हातात दिली. किंमत पहिल्यापेक्षा कमी. मी घरी येऊन बायकोला म्हटलं, ठरलं.

पण एक्सेल शीट केलेली होती ना! (हसू नका, आम्ही सोफासुद्धा एक्सेलमध्ये घेतला होता.) त्यात तिसरा रकाना रिकामा होता आणि रिकामा रकाना मला झोपू देत नाही. शिवाय 286 मधलं ते 'थोडं कडेला' डोक्यात घुटमळत होतं. जालावर शोधलं तर तज्ज्ञांचं आणखी एक मोजमाप सापडलं. पापुद्रा आणि लेझर मिळून कॉर्नियाचा किती टक्के भाग खर्ची पडतो ते बघायचं, आणि 40 टक्क्यांच्या पुढे गेलं तर कॉर्निया नंतर कमकुवत होऊन फुगण्याचा धोका वाढतो. माझं आलं 195 भागिले 481, म्हणजे साडेचाळीस. सर्व्हरची डिस्क इतकी काठाला आली असती तर मी रात्री फोन सुरू ठेवून झोपलो असतो.

तिसरं नाव जालावरच्या ताऱ्यांवरून मिळालं नाही. ताऱ्यांचं एक गणित लक्षात घ्या. बहुतेक अभिप्राय ऑपरेशननंतर दोन-तीन दिवसांत लिहिलेले असतात. पाचवीपासून आंधळी कोशिंबीर खेळलेल्या माणसाला सकाळी उठल्यावर भिंतीवरचं घड्याळ दिसलं तर तो पाचच्या जागी सात तारे देईल! डोळ्यांचा कोरडेपणा, रात्री दिव्यांभोवती दिसणारी वलयं, याचा हिशोब काही महिन्यांनी लागतो आणि तेव्हा तारे द्यायला कोणी परत येत नाही. अमेरिकेच्या एफडीएने नौदल आणि नॅशनल आय इन्स्टिट्यूटबरोबर याचाच अभ्यास केला होता, तो 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. 95 टक्क्यांहून जास्त लोक नजरेवर खूश होते. आणि त्याच अभ्यासात, ज्यांना आधी वलयं-चमक असला काहीच त्रास नव्हता त्यांच्यापैकी 46 टक्क्यांपर्यंत लोकांना तीन महिन्यांनी एखादं तरी नवं लक्षण होतं. त्यामुळे रोजच्या कामात फार अडचण येणारे एक टक्क्याहूनही कमी. तिन्ही आकडे खरे आहेत. जाहिरातीत पहिला येतो, घाबरवणाऱ्या व्हिडिओत दुसरा, आणि तिसरा सांगायला कोणालाच वेळ नसतो.

'आम्ही पन्नास हजार ऑपरेशनं केली' याचंही तसंच. अंश सांगतात, छेद सांगत नाहीत. किती जण आले, किती जणांना परत पाठवलं?

तर तिसरं नाव दिलं आमच्या सदाशिव पेठेतल्या चष्मेवाल्या काकांनी. त्यांच्याकडे मी पाचवीपासून जातो. म्हणाले, "माझ्या मुलीला ज्यांनी परत पाठवलं ना, त्यांच्याकडे जा." आता चष्मेवाल्याने लेझरला नाही म्हणणारा डॉक्टर सुचवावा यात हितसंबंध आहेत हे न कळण्याइतके आम्ही दूधखुळे नाही. तसं त्यांना म्हटलंही. काका म्हणाले, "अरे, तुझे नंबर संपले तरी माझं दुकान चालेल. तू फक्त जाऊन ये."

जुनी इमारत, लिफ्टला लोखंडी जाळीचं दार, कॉफी नाही. रिसेप्शनवरच्या बाईंनी पहिला प्रश्न विचारला, "लेन्स वापरता का? मग आज तपासणी नाही. दोन आठवडे लेन्स बंद ठेवा, मग या." मी चाट. लेन्सने कॉर्नियाचा आकार थोडा दबलेला असतो, आणि तो मूळ रूपात आल्याशिवाय घेतलेलं माप भरवशाचं नसतं, हे आधीच्या दोन्ही ठिकाणी कोणी काढलंच नव्हतं. आणि या माझ्या मऊ लेन्स. टणक वापरणाऱ्याला याहून कितीतरी जास्त दिवस थांबवतात.

दोन आठवड्यांनी गेलो तर तीन तास घेतले. पापणीच्या कडेला कागदाची पट्टी अडकवून पाच मिनिटांत अश्रू किती मिलिमीटर भिजवतात ते पाहिलं. कॉर्नियाचे नकाशे तीन-तीनदा काढले. थेंब घालून बाहुल्या मोठ्या केल्या आणि पडद्याच्या कडा तपासल्या, कारण जास्त मायनस नंबरवाल्यांचा पडदा कडेला पातळ असू शकतो आणि लेझरने नंबर गेला तरी तो धोका जात नाही. मग डॉक्टरबाई आल्या. वय साठीच्या आसपास, बोलणं तुटक. पहिलाच प्रश्न, "डोळे चोळता का?"

"हो.. म्हणजे ॲलर्जी आहे, लहानपणापासून. डिसेंबरमध्ये जास्त."

"कसे चोळता? दाखवा."

मी दाखवलं. त्यांनी मान हलवली आणि पडद्यावर डाव्या डोळ्याचा नकाशा मोठा केला. जिथे कॉर्निया सपाट तिथे निळा-हिरवा, जिथे जास्त वक्र तिथे पिवळा-लाल. माझ्या नकाशात खालच्या अर्ध्या भागात एक फिकट नारिंगी डाग होता. उजव्या डोळ्यात तसा काही नव्हता. मागच्या बाजूचा नकाशाही दाखवला, तिथेही त्याच जागी किंचित उंचवटा. माझ्या पिशवीतली दुसऱ्या दवाखान्याची प्रत काढून त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी चष्मा वर करून पाहिली (हो, डॉक्टरबाईंना चष्मा होता) आणि म्हणाल्या, "यातही आहे थोडं. पण लेन्स काढल्या काढल्या घेतलंय, त्यामुळे लेन्सचा परिणाम समजून सोडून देता येतं."

"म्हणजे लॅसिक नाही?"

"लॅसिक नाही. आज दुसरंही काही नाही. कदाचित हे इतकंच असेल आणि आयुष्यभर इतकंच राहील. कदाचित केराटोकोनसची सुरुवात असेल. एका नकाशावरून मला सांगता येणार नाही. चोळणं बंद करा, ॲलर्जीचे थेंब देते, सहा महिन्यांनी आणि वर्षाने परत या."

पापुद्रा न उचलता करतात ते पीआरके तरी चालेल का, असं विचारलं. त्यात वरची साल काढून थेट लेझर मारतात, तीन-चार दिवस दुखतं, पण खाली जास्त जाडी शिल्लक राहते. लहान छेदातून भिंगासारखी चकती काढून घेतात त्या स्माइलबद्दलही विचारलं. त्यांचं एकच उत्तर: "कॉर्निया स्थिर आहे हे कळल्याशिवाय त्यातून काहीही कमी करायचं नाही, मग पद्धत कुठलीही असो." फी घेतली तपासणीची, फक्त. स्कॅनच्या फाइल्स पेन ड्राइव्हवर दिल्या.

घरी येताना चिडचिड झाली होती हे सांगायलाच हवं. दोन जण हो म्हणालेले, एक नाही. मनात येतं, दोघांचं बहुमत झालं की! रात्री शीट उघडून बसलो आणि बायको शांतपणे म्हणाली, "तुमच्याकडे दोन टेस्टर पास म्हणाले आणि तिसऱ्याने बग दाखवला तर तुम्ही मतदान घेता का रे?" यावर उत्तर नव्हतं.

डिसेंबर 2023 मध्ये नकाशा जवळपास तसाच होता. मला पुन्हा शनिवारच्या स्लॉटची स्वप्नं पडायला लागली. 2024 च्या जुलैमध्ये गेलो तेव्हा डाव्या डोळ्याचा सिलिंडर नंबर पाऊणवरून पावणेदोनवर गेला होता, नारिंगी डाग लाल झाला होता, आणि कॉर्नियाचा सगळ्यात वक्र बिंदू वर्षभरात दीड डायॉप्टरने चढला होता. केराटोकोनस. कॉर्निया हळूहळू पातळ होत शंकूसारखा पुढे येतो, तो आजार. अशा कॉर्नियातून वर्षभरापूर्वी 85 मायक्रॉन उडवले असते आणि 110 चा पापुद्रा सुटा केला असता तर काय झालं असतं, हे मी डॉक्टरबाईंना विचारलं. "बरंच लवकर आणि बरंच जास्त फुगला असता. मग टणक लेन्स, आणि तेवढ्यावर भागलं नाही तर कॉर्निया बदलणं." एवढं बोलून त्या पुढच्या तारखा बघायला लागल्या.

ऑगस्टमध्ये डाव्या डोळ्याचं सी-थ्री-आर झालं. कॉर्नियावर रायबोफ्लेविनचे, म्हणजे बी-टू जीवनसत्त्वाचे, पिवळे थेंब अर्धा तास घालतात आणि मग अतिनील प्रकाश टाकतात. त्याने कॉर्नियातल्या कोलॅजनच्या धाग्यांमध्ये जास्तीचे सांधे तयार होतात आणि तो ताठ होतो. जर्मनीत ड्रेस्डेनला ही पद्धत निघाली, माणसांवरचे पहिले निष्कर्ष 2003 मध्ये आले. गंमत बघा, एक अतिनील प्रकाश कॉर्निया उडवतो आणि दुसरा त्याला घट्ट करतो. दुखलं तीन दिवस, चांगलंच. आई उशाशी बसून होती आणि एकदाही "मी म्हटलं होतं" म्हणाली नाही. हे तिने कसं जमवलं असेल देव जाणे.

तर पोरांनो, "चांगला कुठला?" याचं नाव मी लिहीत नाही, कारण तुमच्या डोळ्यांना कुठला चांगला ते मला माहीत नाही. लॅसिक वाईट असंही माझं म्हणणं अजिबात नाही. आमच्या आतेबहिणीने केलं, तिची कॉर्निया 560 मायक्रॉनची, नकाशे स्वच्छ, ती मजेत आहे. पण जाल तेव्हा बघा की लेन्स किती दिवस बंद ठेवायला सांगतात. नंबर वर्षभर स्थिर आहे का हे जुन्या चष्म्याच्या कागदावरून पडताळतात का. डोळे चोळता का, घरात कोणाला केराटोकोनस आहे का, हे विचारतात का. ऑपरेशन ज्यांच्या हातून होणार तेच तपासतात का, आणि तिसऱ्या रात्री डोळा लाल झाला तर फोन कोण उचलणार. स्कॅनच्या फाइल्स मागा, कुरकुर झाली तर उठा. आणि सरळ विचारा, "गेल्या महिन्यात किती जणांना परत पाठवलंत?" आकडा महत्त्वाचा नाही. प्रश्न ऐकल्यावर समोरचा आठवायला लागतो की पॅकेजकडे वळतो ते बघा.

चाळिशीला आलेल्यांनी आणखी एक विचारावं. मायनसवाला चाळिशीनंतर चष्मा काढून जवळचं वाचू शकतो, लेझरनंतर ती सोय जाते आणि वाचायचा चष्मा लागतो. आमच्या मॅनेजरला हे ऑपरेशननंतर कळलं. पेपर आता हात लांब करून वाचतात.

माझा डावा डोळा सी-थ्री-आरनंतरच्या नकाशांत थांबलेला दिसतोय. उजवा अजून तरी ठीक. चष्मा आहे, नवीन काचांवर वाफ जरा कमी धरते. रात्री झोपेत हात डोळ्याकडे गेला की शेजारून फटका बसतो. पुढचा स्कॅन मार्चमध्ये.